कोजागिरीचा रविवार आणि पायथ्यापासून पावागड: एका दिवसाचा हिशोब

बडोद्यातल्या एका मराठी मंडळाची २६ माणसे कोजागिरीच्या रविवारी पावागड पायथ्यापासून चढायला निघाली. सर्वांत लहान मुलगी ९ वर्षांची, सर्वांत मोठ्या आजी ७१ वर्षांच्या. बेत असा होता: सकाळी पायथ्याच्या चांपानेरची वाव (पायऱ्यांची विहीर) आणि मशिदी, मग अटक दरवाज्यापासून जुन्या वाटेने माची ही डोंगरातली सपाटी, तिथून पायऱ्यांनी कालिकामातेचे दर्शन, उतरताना सात कमान, आणि रात्री आठला घरी येऊन गच्चीवर मसाला दूध. प्रत्यक्षात दर्शन झाले तेव्हा दिवस मावळायला आला होता. सात कमान राहून गेली. एका काकूंचा गुडघा धरला, एका मुलाच्या पोटऱ्यांत गोळे आले, आणि दूध चुलीवर चढले ते साडेदहानंतर. कोणाला मोठी इजा झाली नाही, हवा स्वच्छ होती, वाटही कोणी चुकले नाही. तरीही दिवस हातातून सुटला. तो कुठे सुटला हे घड्याळाच्या नोंदींवरून नेमके दाखवता येते, म्हणून हे प्रकरण इथे मांडले आहे.

आधी डोंगर समजून घेऊ. बडोद्याहून पावागड साधारण ५० किलोमीटर. उंची समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटर, पण सपाट मुलखातून तो एकदम उठतो, त्यामुळे आकड्यापेक्षा जास्त उंच वाटतो. डोंगर लाव्हाच्या थरांचा आहे. खाली काळा बेसॉल्ट, माथ्याकडे फिकट रंगाचा, कठीण रायोलाइट. थर एकसारखे झिजत नाहीत, म्हणून चढ सलग नाही: उभा कडा, मग सपाटी, पुन्हा कडा. माची ही अशीच एक सपाटी, वरचे मौलिया पठार ही दुसरी. गडाचे दरवाजे नेमके कड्यांमधल्या चढणींवर बसवले आहेत. अटक, बुधिया, सदनशहा असे दरवाजे ओलांडत वर गेले की गड बांधणाऱ्याच्या डोक्यात काय होते ते पायांना कळते. एसटीने माची आणि रोपवेने माथा गाठणाऱ्याला यातले काहीच कळत नाही, आणि पावागडला जाणाऱ्या बहुतेकांचा प्रवास तसाच होतो. युनेस्कोने २००४ मध्ये चांपानेर-पावागडला जागतिक वारसा यादीत घेतले. गुजरातमधले ते पहिले स्थळ. यादीत एकटे देऊळ किंवा एकटी मशीद नाही, सगळा डोंगर आणि पायथ्याचे शहर मिळून १,३२९ हेक्टरचा मुलूख आहे. पायी जाण्याचा हट्ट योग्यच होता.

आता त्या दिवसाचे घड्याळ. निघायचे सहाला, बस सुटली ६:५० ला. वाटेत हालोलला रविवारच्या रिवाजाप्रमाणे फाफडा-जिलेबी, ३५ मिनिटे. ८:४० ला चांपानेरची वर्तुळाकार वाव. या वावेचा जिना भिंतीला धरून गोल फिरत खाली उतरतो आणि त्याची रुंदी जेमतेम १.२ मीटर आहे. उतरणारे आणि चढणारे एकमेकांना सहज ओलांडू शकत नाहीत. दहा मिनिटांची वाव २६ जणांना अर्धा तास पुरली. जामी मशीद आणि शहर की मशीद मिळून पावणेदोन तास. अटक दरवाज्यातून पहिले पाऊल पडले ११:२० ला.

इथे पाच ज्येष्ठ वेगळे झाले. ते एसटीने माचीला गेले, रोपवेच्या रांगेत १ तास ५० मिनिटे उभे राहिले आणि दीडच्या सुमाराला वरच्या स्थानकावर पोचले. ‘दर्शन सगळ्यांनी मिळून घ्यायचे’ असे ठरले होते, म्हणून वर बसून राहिले. चढणाऱ्या २१ जणांतले पहिले नऊ जण १:०५ ला माचीवर पोचले, शेवटचे चौघे २:१० ला. जेवण होईपर्यंत तीन वाजले. वर देवळाखालच्या दुधिया तळ्यापाशी ४:४०. दर्शनाची रांग १ तास ५ मिनिटे, सूर्यास्त सहाच्या थोडा पुढे. पायऱ्या उतरून माची ७:१० ला, तिथे एसटीसाठी पाऊण तास, पायथा ८:२५ ला, बडोदे ९:५० ला.

या आकड्यांत एक गोष्ट ठळक दिसते. पुढच्या नऊ जणांनी अटक दरवाजा ते माची १ तास ४५ मिनिटांत आणि माची ते दुधिया तळे १ तास ४० मिनिटांत कापले. म्हणजे ५ तास २० मिनिटांच्या या टप्प्यात पाय चालले ३ तास २५ मिनिटेच. उरलेला वेळ थांबण्यात गेला, त्यातही बराचसा मागच्यांची वाट बघण्यात. पावागडावर वेळ चालण्यात जात नाही, थांबण्यात जातो. त्यामुळे बेत आखताना आधी थांबे आणि त्यांचा क्रम ठरवायचा, चालण्याचे तास त्यात नंतर बसवायचे. मंडळाने नेमके उलटे केले होते. ‘चढायला चार तास, उतरायला दोन’ असे धरून बाकीचे सगळे त्यांनी फटीफटीत कोंबले.

पहिली चूक तिथीची. मराठी घरात कोजागिरी म्हणजे चांदणे आणि दूध. गुजरातच्या लेखी ती शरद पूनम, नुकत्याच सरलेल्या नवरात्राच्या शेपटाला आलेली. पावागडला एरवीही पौर्णिमेला आणि रविवारी गर्दी असते, इथे दोन्ही एकाच दिवशी जुळून आले. जो दिवस देवीचा आहे तो वारसा बघायला घेऊ नये, मग कितीही सोयीचा असो. शिवाय ऑक्टोबरची उष्णता. पावसाळा सरल्यावर जंगल हिरवे दिसते म्हणून सावली आहे असे वाटते, पण दरवाज्यांच्या आसपासचा चढ उघडा आहे आणि अकरानंतर तो दगड तापलेला असतो.

दुसरी चूक क्रमाची, आणि आमच्या मते हीच मुख्य. चांपानेरच्या इमारती दुपारी बघता येतात. मशिदीच्या आत सावली आहे, गारवा आहे, वाट सपाट आहे, थकलेल्या पायांनाही तिथे फिरवते. चढ मात्र दुपारी होत नाही. मंडळाने सकाळचे गार तास सावलीत घालवले आणि उन्हाचे तास चढाला दिले. तिकिटाच्या स्मारकांना सूर्यास्ताची मर्यादा असते म्हणून ‘आधी ते उरकू’ असा विचार होता. विचार चुकीचा नाही, पण सूर्यास्ताची मर्यादा चढालाही आहेच. माचीखालची जुनी वाट रात्री उतरायची नसते. पायऱ्यांवर दिवे आहेत, या वाटेवर नाहीत, आणि सागाच्या पानांखाली दगड हलतो की स्थिर आहे हे चांदण्यात कळत नाही.

तिसरी चूक रोपवेची. जवळजवळ प्रत्येक गट ज्येष्ठांना रोपवेने वर नेतो आणि ‘उतार काय, सोपा असतो’ म्हणून पायी उतरवतो. गुडघ्याचे गणित याच्या उलट आहे. चढताना दम लागतो. तो हळू चालून, थांबून आवरता येतो. उतरताना प्रत्येक पायरीला शरीराचा सगळा भार वाकलेल्या गुडघ्यावर येतो आणि मांडीचे स्नायू तो धरून ठेवता ठेवता थकतात. ते थकले की भार थेट सांध्यावर. त्या ६३ वर्षांच्या काकू वर अगदी ठणठणीत होत्या. रोपवेने उतरणाऱ्यांची रांग बघून त्यांनी पायऱ्या धरल्या आणि दोनेकशे पायऱ्यांनंतर उजवा गुडघा वाकेना. त्यांना उलटे, म्हणजे डोंगराकडे तोंड करून, कठडा धरून एकेक पायरी उतरवावे लागले. तो उपाय बरोबरच होता, पण वेळ खाणारा. ज्यांचे गुडघे शंकेचे आहेत त्यांनी माचीपासून सकाळी सावकाश पायी चढावे आणि उतरताना रोपवे घ्यावा. हेही लक्षात ठेवावे की रोपवे देवळाच्या दारात सोडत नाही. वरच्या स्थानकानंतर पायऱ्या उरतातच.

पाण्याचा हिशोब थोडक्यात. प्रत्येकाजवळ एक लिटरची एक बाटली होती. अशा उन्हात चढताना तासाला अर्धा लिटर धरावे, म्हणजे अटक ते माची या टप्प्यालाच, मागच्यांना लागले तसे तीन तास धरले तर, दीड लिटर लागते, आणि या टप्प्यात भरवशाचे दुकान नाही. बाटल्या सदनशहा दरवाज्याच्या आधीच रिकाम्या झाल्या. त्यात सकाळचा खारट, तळलेला फाफडा, त्याने तहान आणखी वाढवली. सतरा वर्षांच्या ज्या मुलाला गोळे आले तो पाण्यावाचून राहिलेला नव्हता. माचीवर पोचताच त्याने गटागटा दीड लिटर साधे पाणी प्यायले होते. घामाबरोबर मीठ गेलेले, भरपाई नुसत्या पाण्याने झाली. अशा वेळी ओआरएस घोटाघोटाने द्यावे, ते नसेल तर लिटरभर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. पोटरी चोळत बसण्यापेक्षा टाच जमिनीवर ठेवून पंजा नडगीकडे ओढून धरावा. त्या मुलाचा गोळा दोन मिनिटांत सुटला, पण पुढच्या चढात तीनदा परत आला.

आता कथांकडे. या दिवसाचे खरे नुकसान इथे झाले असे आम्हाला वाटते. गडाची माहिती असलेल्या एका काकांनी हालोलपर्यंतच्या बसमध्येच सगळे सांगून टाकले: विश्वामित्र, पताई राजा, गुजरातचा सुलतान महमूद बेगडा, हुमायून, गायक बैजू बावरा, अगदी शिंद्यांपर्यंत. काका जाणकार, सांगणे रसाळ. पण मुले झोपली होती, आणि जे जागे होते त्यांना जागेवर पोचल्यावर कुठली गोष्ट कुठली हे आठवेना. अटक दरवाज्याच्या दुहेरी बांधणीसमोर सगळ्यांनी फोटो काढले आणि पुढे गेले.

प्रत्येक कथेला या डोंगरावर एक जागा आहे. वेढ्याची हकीगत अटक दरवाज्यात सांगावी. खिची चौहानांचा रावळ जयसिंह, लोकांच्या तोंडी पताई राजा, याच्या ताब्यातला हा गड महमूद बेगड्याने वेढला आणि तो पडला १४८४ च्या नोव्हेंबरमध्ये, दीड वर्षाहून जास्त काळ झुंजून. जयसिंहाने माळव्याच्या सुलतानाकडे मदत मागितली, ती पोचली नाही. एक दरवाजा पडला तरी आत आलेला शत्रू अंगणात कोंडला जातो आणि समोर दुसरा दरवाजा असतो, हे त्या अंगणात उभे राहून ऐकले की ‘दीड वर्ष का लागले’ हा प्रश्नच उरत नाही.

हुमायूनाची गोष्ट सात कमानीपाशी. माचीच्या अलीकडे, कड्याच्या अगदी काठावर या दगडी कमानी आहेत. नाव सात, उभ्या आज सहा. १५३५ मध्ये हुमायूनाची माणसे रात्री कड्यात लोखंडी मेखा ठोकत, त्यांवर पाय देत गडावर चढली आणि बादशहा स्वतः त्यांच्यात होता. ही गोष्ट बसमध्ये ऐकली तर शौर्यकथा वाटते. कमानीच्या काठाशी, सुरक्षित अंतरावर उभे राहून खाली बघत ऐकली की तळहाताला घाम फुटतो. नेमकी हीच जागा त्या रविवारी हुकली, कारण ती ‘उतरताना’ ठेवली होती आणि उतरायला अंधार आला.

पताई राजाच्या दंतकथेसाठी दुधिया तळ्याचा काठ. वर कालिकेचे शिखर दिसते, पाण्यावर वारा असतो आणि दम खायला सगळे आपोआप बसतात. नवरात्रात देवी सुंदर स्त्रीचे रूप घेऊन गरब्यात आली, राजाने तिचा पदर धरला, तिने समजावले, तो ऐकेना, आणि तिने राज्य बुडेल असा शाप दिला. तळाशी ऐकलेला वेढा आणि वर ऐकलेला शाप या एकाच पराभवाच्या दोन आठवणी आहेत. एक खरी आणि दुसरी खोटी असा निवाडा करायची गरज नाही. मुलांनी वेढा आधी ऐकलेला असला की तीच विचारतात, मग शाप कशाला? त्यावर जी चर्चा होते ती त्या दिवसाची खरी कमाई. देवळाचे शिखर नवे आहे. जीर्णोद्धारानंतर १८ जून २०२२ रोजी त्यावर ध्वज चढला, हेही याच ठिकाणी सांगावे.

बडोदेकरांसाठी आणखी दोन गोष्टी. विश्वामित्री नदी याच डोंगरात उगम पावते. विश्वामित्र ऋषींची गाय इथल्या खोल दरीत पडली, तिने आपल्या दुधाने दरी भरून काढली आणि पोहत वर आली. पुन्हा असे होऊ नये म्हणून ऋषींनी देवांना दरी बुजवायला सांगितली, तो हा डोंगर. वाड्याच्या ओट्यावर बसून ऐकलेली ही कथा आणि काळा घोडा पुलाखालून मगरी घेऊन वाहणारी, पावसाळ्यात घरात शिरणारी नदी, यांचा धागा जिथून घळ दिसते तिथे जोडून द्यावा. दुसरी गोष्ट माचीवरची. बडोद्याच्या मराठी माणसाला गायकवाड ठाऊक असतात, पण हा गड शिंद्यांचा होता हे बहुतेकांना नवे असते. सप्टेंबर १८०३ मध्ये इंग्रजांनी तो शिंद्यांकडून घेतला आणि त्याच वर्षअखेरीच्या सुर्जी-अंजनगावच्या तहाने परत दिला. पंचमहाल हे जिल्ह्याचे नावच शिंद्यांच्या पाच महालांवरून आले आहे. १८६१ मध्ये तो मुलूख इंग्रजांकडे गेला.

मंडळाने जानेवारीत पुन्हा जायचे ठरवले. दिवस शनिवार, पौर्णिमा नाही, माणसे २२. या वेळी कागदावर आधी थांबे लिहिले, प्रत्येकापुढे मिनिटे, आणि प्रत्येक कथेपुढे जागा व सांगणारा. बस ५:२० ला सुटली, नाश्ता डब्यातला: मेथीचे ठेपले, दही नाही, गूळ-शेंगदाण्याचे लाडू माणशी तीन. पाणी माणशी दोन लिटर, वर सामायिक पिशवीत ओआरएसची बारा पाकिटे, दोन क्रेप बँडेज, चार विजेऱ्या, एक शिट्टी पुढच्याकडे आणि एक शेवटच्याकडे. सर्वांत हळू चालणाऱ्या आजोबांना पुढे ठेवले आणि त्यांना ओलांडायचे नाही एवढा एकच नियम केला. पहिल्या खेपेला पुढच्या-मागच्यात ६५ मिनिटांचे अंतर पडले होते, या वेळी बारा मिनिटांच्या वर गेले नाही. सगळ्यांचा मिळून वेग वाढला नाही, पण वाट बघण्यात जाणारा वेळ वाचला.

७:१५ ला, सूर्य उगवता उगवता, अटक दरवाजा. अंगणात पंधरा मिनिटे वेढा. ८:५० ला सात कमान, २५ मिनिटे. कड्यांना आणि जुन्या बांधकामांना आग्या मोहोळ लागलेले असते, म्हणून अत्तर, उदबत्ती, धूर काही नको हे आदल्या दिवशीच सांगितले होते. ९:४५ ला माची, सगळे एकत्र. एसटीने आलेल्या दोन आजीही तिथेच मिळाल्या आणि पुढच्या पायऱ्या त्यांनी सगळ्यांबरोबर चढल्या, दर चाळीस पायऱ्यांनंतर दोन मिनिटे थांबत. दुधिया तळे ११:४५, दर्शनाची रांग २० मिनिटे. प्रसादाची पिशवी हातात लोंबती ठेवली की माकडे ती घेतात, म्हणून सगळा प्रसाद पाठपिशवीत. नारळ शेंडीसकट अख्खा नेला होता, कारण सोललेला नारळ देवळात न्यायला २०२३ मध्ये मनाई झाली होती. मग मौलिया पठारावर छासिया तळ्याकाठचे लकुलीशाचे देऊळ. गडावरचे हे सर्वांत जुने, हजार वर्षांच्या घरातले. शिखर गेले आहे, भिंतींवरच्या मूर्ती बघायला अर्धा तास तरी द्यावा. देवळाच्या गर्दीपासून काही मिनिटांवर असूनही इथे त्या दिवशी दुसरे कोणी नव्हते.

दीड वाजता नऊ जण रोपवेने उतरले, रांग १५ मिनिटे. बाकीचे पायऱ्यांनी. माचीपासून खाली सगळ्यांनी एसटी घेतली, कारण जुनी वाट एकदा चढून झाली होती आणि तीच उतरण्याने गुडघ्यांखेरीज कोणाला काही मिळाले नसते. ३:२० ते ४:४० जामी मशीद. मुले खांब मोजत सुटली आणि १७२ वर पोचण्याआधी तीनदा हिशोब चुकली, मोठी माणसे दगडी जाळ्यांच्या सावलीत टेकून बसली. तिकीट भारतीयांना माणशी ४० रुपये, पंधरा वर्षांखालच्या मुलांना नाही. शेवटी वाव: सहा-सहाच्या तुकड्या, एक वर आल्याशिवाय दुसरी खाली नाही, सगळे मिळून २२ मिनिटे.

एक गोष्ट या खेपेलाही जमली नाही. विश्वामित्रीच्या घळीच्या काठचा खापरा झवेरीचा महाल यादीत होता. माचीवर पोचल्यावर आजोबांची चाल बघून तो थांबा वगळला, आणि तो निर्णय पाच मिनिटांत झाला, कारण कुठला थांबा आधी सोडायचा हे त्याच कागदावर खालच्या ओळीत लिहिलेले होते. बस ५:३० ला निघाली आणि सव्वासातच्या आत बडोद्याच्या दांडिया बाजारात लागली.